सेफ्टी पिन काढलेलं प्रोटीन: आईच्या दुधातून बनवलेल्या 'हॅम्लेट'ची गोष्ट

आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याचा एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. "आईच्या दुधात सापडलं कॅन्सर मारणारं औषध, स्वीडनच्या शास्त्रज्ञांचा शोध, कंपन्या लपवून ठेवतायत, निदान दहा जणांना पाठवा." पहिल्यांदा आला तेव्हा मी कपाळाला हात लावून पुढे सरकलो. दुसऱ्यांदा आला तेव्हा जरा शोधाशोध केली आणि पंचाईत झाली, कारण सपशेल खोटा असता तर एका ओळीत निकाल लागला असता, पण हा निघाला निम्मा खरा, आणि निम्म्या खऱ्या गोष्टीला उत्तर द्यायचं तर सगळी गोष्ट सांगावी लागते. तर आत्या, ही घे सगळी गोष्ट. मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्री शिकलेला माणूस आहे, त्यामुळे यात उपचाराचा सल्ला शोधू नका, त्यासाठी आपला डॉक्टरच.

लुंडमध्ये काय झालं होतं

स्वीडनच्या दक्षिण टोकाला लुंड नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे कॅथरिना स्वानबोर्ग यांच्या लॅबमध्ये कॅन्सरवर काम चाललंच नव्हतं, ते लोक जंतूंच्या मागे होते. न्यूमोनियाचे जंतू आपल्या पेशींना कसे चिकटतात आणि आईचं दूध ते चिकटणं थांबवतं का, एवढाच प्रश्न. आता लॅबमध्ये असल्या प्रयोगांना ज्या पेशी वापरतात त्या बऱ्याचदा कॅन्सरच्याच असतात, कारण साध्या पेशी काही काळाने थकतात आणि कॅन्सरच्या वर्षानुवर्षं वाढत राहतात. यांच्या बशीतल्या पेशी होत्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या. त्यावर अँडर्स हाकान्सन या तरुण संशोधकाने दुधातला एक भाग वेगळा काढून टाकला, आणि जंतूंचं राहिलं बाजूलाच, पेशीच आक्रसून मरायला लागल्या. १९९५ साली त्यांचा पेपर आला.

पुढची काही वर्षं गेली हे शोधण्यात की त्या भागात मारणारं नेमकं काय आहे. दुधात अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचं एक प्रोटीन असतं, तेच हे, पण गंमत अशी की ते प्रोटीन शुद्ध करून टाकलं तर पेशींना ढिम्म काही होत नाही. २००० साली उत्तर मिळालं: या प्रोटीनचा आकार आधी थोडा सैल करावा लागतो आणि मग त्याला ओलेइक ॲसिड नावाचं एक फॅटी ॲसिड जोडावं लागतं, तेव्हा कुठे ते मारेकरी होतं. फॅटी ॲसिड म्हणजे तेलातुपाचा मूळ घटक, बाकी काही नाही.

या जोडीला नाव दिलं हॅम्लेट. नाव ऐकून नाटकातला राजपुत्र आठवला असेल तर आठवू द्या, पण ही आहेत इंग्रजी आद्याक्षरं, आणि अर्थ साधारण असा की "ट्युमरच्या पेशींसाठी जीवघेणं बनवलेलं मानवी अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन". यातला "बनवलेलं" हा शब्द लक्षात ठेवा. फॉरवर्डमध्ये "सापडलं" लिहिलंय.

पेशीचं आवरण म्हणजे भिंत नव्हे

या जोडीचा पहिला हल्ला पेशीच्या आवरणावर होतो, म्हणून आधी ते आवरण काय आहे ते बघू. शाळेच्या पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल असा दात पाडणारा शब्द होता, आपण नुसतं पटल म्हणू.

पटल हे लिपिड नावाच्या तेलकट रेणूंचं बनलेलं असतं. प्रत्येक लिपिडला एक डोकं असतं ज्याला पाणी आवडतं, आणि दोन शेपट्या असतात ज्यांना पाण्याचा तिटकारा. असे कोट्यवधी रेणू पाण्यात सोडले तर ते आपोआप दोन रांगा करतात, पाठीला पाठ लावून. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. जाडी किती, तर साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी २० हजार पटलं एकावर एक रचता येतील.

आणि ते घट्ट नसतं. मिसळीच्या वाटीत वरचा तर्रीचा तवंग बघा, चमचा फिरवला की सरकतो, फाटतो, पुन्हा जुळतो, त्याचे थेंब एकमेकांत मिसळतात. पटल काहीसं तसंच वाहतं, फक्त त्याची जाडी ठरलेली आणि रांगा शिस्तीत. त्यात मध्ये मध्ये प्रोटीनं बसवलेली असतात, कोणी दार, कोणी पंप, कोणी बेल.

हे वाहतं पटल राखून काय धरतं तर आतल्या-बाहेरच्या क्षारांमधला फरक. कॅल्शियमचंच घ्या, पेशीच्या बाहेर ते आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट जास्त असतं. सोडियमही बाहेर जास्त, पोटॅशियम मात्र आत जास्त. धरणाच्या भिंतीसारखं समजा, एका बाजूला तुडुंब आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, आणि हा फरक टिकवायला पेशी दिवसरात्र पंप चालवते आणि त्यावर भरपूर ऊर्जा खर्च करते. त्यामुळे पेशी मारायला तिच्या चिंध्या करायची गरजच नाही, हा फरक बिघडवला तरी पुरतं.

प्रोटीन आणि सेफ्टी पिन

आता पहिला भिडू. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन ही १२३ अमिनो ॲसिडची एक माळ आहे, ती नुसती लोंबत नसते तर घडी घालून नेटकी बसवलेली असते. आईच्या दुधाच्या पाण्यासारख्या भागात, म्हणजे चोथा वेगळा केल्यावर उरतं त्यात, हेच प्रोटीन सगळ्यात जास्त असतं. त्याची रोजची नोकरी एकदम सात्त्विक, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज बनवायला मदत करायची.

त्याची घडी मला नऊवारीसारखी वाटते. आत चार पक्के टाके आहेत, पण निऱ्या जागच्या जागी राहतात त्या एका सेफ्टी पिनमुळे, आणि ती पिन म्हणजे कॅल्शियमचा एक अणू. लॅबमध्ये कॅल्शियम ओढून घेणारं रसायन टाकलं की पिन निघते. साडी सुटून पडत नाही, टाके असतातच, पण निऱ्या सैल होतात आणि आतला भाग, जो एरवी झाकलेला असतो आणि स्वभावाने तेलकट आहे, तो बाहेर डोकावायला लागतो. प्रोटीनचे अभ्यासक या अर्धवट सैल अवस्थेला मोल्टन ग्लोब्यूल म्हणतात. आपण सैल अवस्था म्हणू.

आता नुसतं सैल केलेलं प्रोटीन तसंच ठेवलं आणि पुन्हा कॅल्शियम मिळालं तर ते पिन लावून परत शहाण्यासारखं बसतं. म्हणून दुसरा भिडू लागतो.

ओलेइक ॲसिड, आपल्या कढईतलंच

यात गूढ काही नाही. शेंगदाणा तेलातलं जवळपास निम्मं फॅटी ॲसिड हेच असतं, ऑलिव्ह तेलात त्याहून जास्त, आणि आईच्या दुधातल्या फॅटमध्येही साधारण एक तृतीयांश हेच. १८ कार्बनची शेपटी आणि बरोबर मध्यावर एक वाक. हा वाक महत्त्वाचा. तूप थंडीत थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं त्याचं मोठं कारण असे वाकच, सरळ शेपट्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या चिकटून बसतात आणि वाकड्या बसू शकत नाहीत.

सैल झालेल्या प्रोटीनच्या उघड्या तेलकट भागात हे ओलेइक ॲसिड जाऊन बसतं आणि निऱ्या परत नीट होऊ देत नाही. निदान मूळ संशोधकांनी मांडलेलं चित्र हेच. डेन्मार्कच्या आर्हुसमधल्या संशोधकांचं चित्र थोडं वेगळं आहे, ते म्हणतात फॅटी ॲसिडचा एक छोटा गोळा आत असतो आणि सैल प्रोटीन त्याच्याभोवती, म्हणजे करंजीसारखं, सारण तेलाचं आणि पारी प्रोटीनची. एका प्रोटीनमागे किती ओलेइक ॲसिड हा आकडाही लॅबप्रमाणे आणि बनवायच्या पद्धतीप्रमाणे बदलतो. पुढचं भांडण समजायला ही करंजी लक्षात ठेवा.

मग पटलाचं नेमकं होतं काय

बहुतेक औषधं आणि हार्मोन कशी काम करतात, तर पेशीवर एक ठरलेली बेल असते, ती दाबली की आत संदेश जातो. त्या बेलेला रिसेप्टर म्हणतात. हॅम्लेटची बेल कोणती म्हणून शोध सुरू झाला आणि मग काही जणांच्या डोक्यात आलं की बेल असलेलं घरच काढून टाकून बघू या ना, नुसत्या भिंतीवर काय होतं.

म्हणजे त्यांनी काय केलं, तर नुसत्या लिपिडचे कृत्रिम फुगे बनवले, ज्यात एकही प्रोटीन नाही, एकही बेल नाही, आणि त्यावर हॅम्लेट सोडलं. २०१० मध्ये लुंडच्या मंडळींनी हे छापलं. हॅम्लेट त्या फुग्यांना घट्ट चिकटलं, पटलात साठलं, पटल नेहमीपेक्षा जास्त पातळ आणि हलतं झालं, आणि फुग्यात भरलेला चमकणारा रंग बाहेर गळायला लागला. तेच नुसतं साधं प्रोटीन टाकलं तर नाही. मुद्दाम कायमचं उलगडून ठेवलेलं, टाकेही काढलेलं प्रोटीन टाकलं तरी नाही. ही दुसरी गोष्ट मला फार आवडते, कारण त्यातून कळतं की नुसतं सैल असणं पुरत नाही, तेलाचा जोडीदार लागतोच.

का गळतं याचा अंदाज लोकलच्या डब्यावरून करता येईल. सगळे अंग चोरून ओळीत उभे आहेत, आणि त्यात दहा-बारा जण कोपर बाहेर काढून घुसले, तर आजूबाजूच्या सगळ्यांची जागा हलते, कुठे फट पडते, कुठे रेटारेटी. वाकड्या शेपटीचं ओलेइक ॲसिड लिपिडच्या रांगेत घुसलं की काहीसं तसंच, आणि त्यात प्रोटीनचा सैल तुकडाही वरून घुसलेला.

२०१५ मध्ये त्याच गटाने पुढचं दाखवलं. या वेळी मोठे फुगे आणि खऱ्या ट्युमर पेशींची पटलं दोन्ही घेतली. हॅम्लेट पडल्यावर पटल नुसतं गळत नाही तर त्याचा आकारच बदलतो, गुळगुळीत गोल फुग्याला शेपट्यांसारख्या नळ्या फुटतात, खऱ्या पेशीच्या अंगावर टेंगळं येतात, तव्यावर फुलक्याला एका जागी फुगा येतो ना तशी. आणि हॅम्लेट स्वतः जाऊन बसतं ते याच वाकलेल्या, फुगलेल्या जागी. त्याच टेंगळांत पेशीच्या वाढीच्या साखळीतली रास नावाची प्रोटीनंही त्यांना हॅम्लेटच्या संगतीत सापडली, आणि रास हे कॅन्सरमधलं बदनाम नाव आहे. त्यांचं म्हणणं असं की बेल नाहीच, पटलाचा वाकलेला आकार हाच बेलेचं काम करतो. मला हे वाचून पहिल्यांदा थोडं काव्यात्म वाटलं होतं, पण फुग्यांवरचा प्रयोग आठवला की पटतं, कारण तिथे दुसरं काही नव्हतंच.

आणि धरणाचं काय? तेही फुटतं. २०१३ च्या एका पेपरात दिसलं की हॅम्लेट लागल्यावर लगेचच सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात आणि पोटॅशियम बाहेर पळतं. क्षारांच्या वाटा बंद करणारी रसायनं आधीच टाकून ठेवली तर हा पूर येत नाही आणि पेशीही बऱ्याच अंशी वाचतात. म्हणजे क्षारांचा पूर हा मृत्यूचा परिणाम नाही, मृत्यूच्या कारणांत आहे, हा फरक छोटा वाटतो पण सगळी केस त्यावर उभी आहे.

बाहेरचं पटल ही फक्त सुरुवात. हॅम्लेट आत शिरतं आणि आतही पटलंच पटलं असतात. पेशीच्या पोटात लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात, ज्यात ॲसिड आणि कचरा पचवणारी एन्झाइम भरलेली. गायीच्या दुधातल्या प्रोटीनपासून बनवलेल्या भावंडाने, त्याला बॅम्लेट म्हणतात, या पिशव्या फुटतात हे कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. घरातली ॲसिडची बाटली लादीवर फुटल्यावर जे होतं ते पेशीचं होतं. शिवाय हॅम्लेट पेशीच्या केंद्रापर्यंत पोचून डीएनए गुंडाळणाऱ्या प्रोटीनांना चिकटतं वगैरे बरंच काही आहे, ते आपण सोडून देऊ, नाहीतर रात्र होईल.

"पण कॅन्सरच्या पेशी तर मरत नाहीत म्हणतात ना?"

हा प्रश्न माझ्या भावाने विचारला आणि चांगला विचारला. आपल्या प्रत्येक पेशीत आत्महत्येचं एक बटण असतं, काही बिघडलं की पेशी स्वतः दाबते. कॅन्सरच्या पेशींनी बहुतेकदा ते बटणच निकामी केलेलं असतं, म्हणून अनेक औषधं, जी ते बटण दाबायला जातात, ती फुकट जातात.

हॅम्लेट दिल्यावर पेशीत आत्महत्येची काही लक्षणं दिसतात खरी, पण २००६ मध्ये दाखवलं गेलं की त्या बटणाची नेहमीची वायरिंग तोडली तरी पेशी मरतेच. पी-५३ नावाचं प्रसिद्ध रखवालदार प्रोटीन पेशीत धड आहे की बिघडलेलं, याने काही फरक पडला नाही. बटण काढून टाकता येतं हो, पण पटल कोण काढून टाकणार? पटल नसलेली पेशी ही पेशीच नाही. या सगळ्या प्रकरणात मला खरा रस आहे तो इथे.

मग आपल्या चांगल्या पेशींनाही पटल आहेच की!

बरोबर, आणि इथून पुढे रस्ता खडबडीत होतो.

लुंडच्या गटाच्या प्रयोगांत निरोगी पेशींची पटलं हॅम्लेटला कमी दाद देतात, कमी हॅम्लेट आत घेतात, आणि तेवढ्या मात्रेला टिकतात. का, याची काही पटणारी कारणं आहेत. कॅन्सरच्या पेशीचं पटल बदललेलं असतं, काही लिपिड, जे एरवी आतल्या रांगेत तोंड लपवून असतात, ते बाहेरच्या रांगेत आलेले असतात, त्यामुळे पृष्ठभागावरचा विद्युतभार बदलतो. गाठीच्या आसपास थोडं आंबटही असतं आणि आंबटपणात हे प्रोटीन जास्त सैल होतं. पण २०१० च्याच प्रयोगात हॅम्लेट वेगवेगळ्या विद्युतभाराच्या लिपिडला चिकटलं होतं, म्हणजे भाराचं एकट्याचं कारण पुरेसं नाही.

आणि सगळ्यांना हा फरक मान्यही नाही. डेन्मार्कमधल्या एका गटाने २०११ मध्ये बॅम्लेट घेऊन सांगितलं की आमच्या प्रयोगात कॅन्सर नसलेल्या पेशीही मेल्या आणि किती मेल्या हे ओलेइक ॲसिड किती आहे यावर ठरलं. आपल्याकडे अलिगढ मुस्लिम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये लाल रक्तपेशी घेतल्या, त्यांच्यावर बॅम्लेट टाकलं तर त्या फुटल्या, आणि त्यांचाही रोख ओलेइक ॲसिडवरच होता. लाल रक्तपेशी म्हणजे काय तर जवळजवळ पटलाची पिशवी आणि आत हिमोग्लोबिन, केंद्र नाही, आत्महत्येचं नेहमीचं बटण नाही, त्यामुळे ती फुटली याचा अर्थ पटलच गेलं, दुसरा अर्थ निघत नाही.

"म्हणजे मारतं कोण, प्रोटीन की तेल?"

इटलीतल्या पाडुआचा एक गट २०१३ मध्ये सरळ म्हणाला की सगळी करामत फॅटी ॲसिडची आहे, प्रोटीन नुसतं हमाल. ओलेइक ॲसिड पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, प्रोटीन त्याला पाण्यातून पेशीपर्यंत पोचवतं, पटलात उतरवतं, आणि रिकाम्या हाताने परत. त्यांच्या बाजूचा एक जोरदार मुद्दा असा की या कामाला अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनच लागतं असंही नाही, दुसऱ्या प्रोटीनांनाही ओलेइक ॲसिड जोडता येतं आणि तीही मारतात. घोड्याच्या लायसोझाइम नावाच्या प्रोटीनपासून बनवलेली अशी जोडी तर प्रसिद्धच आहे.

लुंडवाले यावर म्हणतात की मग आमच्या फुग्यांचं काय, आणि नुसत्या फॅटी ॲसिडचे पेशीवरचे परिणाम आणि जोडीचे परिणाम आम्ही शेजारी ठेवून बघितले तर ते सगळे सारखे नाहीत.

माझं मत विचाराल तर "प्रोटीन की तेल" हा प्रश्नच थोडा वाकडा आहे. बंदूक मारते की गोळी असं विचारण्यासारखं. गोळी हातात घेऊन कोणाला मारता येत नाही आणि रिकामी बंदूक नुसती धाक दाखवते. पण एवढं मान्य करायला पाहिजे की गोळी तेलाची आहे हे आता बऱ्यापैकी दिसतं, आणि करंजीचं चित्र या बाजूला चांगलं बसतं, पारी पटलापाशी जाऊन फुटते आणि सारण रांगेत मिसळतं. बंदूक मात्र कुठे नेम धरते हे ठरवते का, म्हणजे कॅन्सर आणि निरोगी यात फरक करणं प्रोटीनमुळे होतं का, यावर भांडण मिटलेलं नाही.

माणसांवर करून बघितलंय का?

हो, आणि फॉरवर्डमधला खरा भाग तो हा. २००४ साली त्वचेवरच्या चिवट चामखिळींवर हॅम्लेट लावून बघितलं. चामखीळ म्हणजे कॅन्सर नव्हे, विषाणूमुळे झालेली वाढ असते, पण सुरुवात म्हणून चांगली, डोळ्याला दिसते, मोजता येते. ४० जण, निम्म्यांना हॅम्लेट आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. हॅम्लेटवाल्या सगळ्या २० जणांत चामखिळीचा आकार ७५ टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाला, ९२ पैकी ८८ चामखिळी. दुसऱ्या गटात असं फक्त ३ जणांत झालं. लहान चाचणी, पण फरक नजरेत भरणारा.

मग मूत्राशयाचा कॅन्सर. २००७ मध्ये ९ रुग्णांच्या मूत्राशयात ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात रोज एकदा असं पाच दिवस नळीने हॅम्लेट सोडलं. लघवीतून कॅन्सरच्या पेशी मोठ्या संख्येने गळून बाहेर यायला लागल्या आणि आजूबाजूच्या निरोगी अस्तराला विषबाधा दिसली नाही.

त्यानंतरचा बदल हुशारीचा आहे. अख्खं प्रोटीन, त्याची पिन, त्याच्या निऱ्या, ही सगळी कटकट कशाला? त्यातला पहिला ३९ अमिनो ॲसिडचा तुकडा घेतला, कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवता येतो, मुळातच सैल असतो त्यामुळे पिन काढायचा प्रश्न नाही, आणि त्याला ओलेइक ॲसिडचं मीठ जोडलं. नाव अल्फा-१-एच. हे प्रागच्या मोटोल विद्यापीठ रुग्णालयात ४० रुग्णांवर, निम्म्यांना औषध निम्म्यांना दिखाऊ द्रव अशा पद्धतीने वापरलं आणि २०२१ मध्ये निकाल छापला. २२ दिवसांत सहा वेळा मूत्राशयात सोडलं, गाठीच्या पेशी गळाल्या, गाठी आकसल्या, गंभीर त्रास झाला नाही. हा मूत्राशयाचा तो कॅन्सर जो अजून स्नायूत शिरलेला नाही.

हे सगळं सुरुवातीच्या टप्प्यातलं आहे हे स्वच्छ सांगतो. गाठ आकसणं आणि पाच वर्षांनी माणूस ठणठणीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजायला शेकडो रुग्ण आणि अनेक वर्षं लागतात. "कंपन्या लपवून ठेवतायत" म्हणणाऱ्यांना एवढंच, की याच लुंडच्या शोधावर स्वीडनमध्ये एक कंपनी उभी आहे जी हे औषध विकायच्या खटपटीत आहे, आणि निकाल कोणालाही फुकट वाचता येतील अशा जर्नलमध्ये छापलेत. लपवायची ही फारच विचित्र पद्धत झाली.

नसेतून इंजेक्शन का देत नाहीत?

त्वचा आणि मूत्राशय हीच ठिकाणं का निवडली याचं उत्तर इथेच आहे. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन भरपूर असतं आणि फॅटी ॲसिड उचलून नेणं हा त्याचा धंदाच आहे, दिसलं ओलेइक ॲसिड की उचल. म्हणजे करंजी गाठीपर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी सारण काढून खाल्लं. लॅबमध्ये हॅम्लेटचे बरेच प्रयोग सीरमशिवाय, म्हणजे रक्तातल्या पाण्यासारख्या भागाशिवाय, करावे लागतात ते यामुळेच. त्यात वर लाल रक्तपेशी फुटण्याची भीती आहेच. मूत्राशय ही बंद पिशवी, नळीने औषध आत सोडा, थोडा वेळ धरून ठेवा, सोडून द्या. अशा ठिकाणी औषध सोडायची पद्धत नवीन नाही, आपण लहानपणी दंडावर घेतलेली टीबीची बीसीजी लस मूत्राशयाच्या कॅन्सरवर अशीच नळीने आत सोडतात, कित्येक वर्षांपासून.

मग आईचं दूध प्यायलं तर?

मोठ्या माणसाने कॅन्सरसाठी आईचं दूध प्यायचे प्रकार परदेशात झालेत, ऑनलाइन विकतही घेतात, आणि ते कच्चं, न तपासलेलं दूध असतं, त्यातून उलट जंतुसंसर्ग व्हायचा, तोही केमो चालू असलेल्या माणसाला. दुधात हॅम्लेट तयार नसतं. प्रोटीनची पिन लागलेली असते, ओलेइक ॲसिड चरबीच्या थेंबात बांधलेलं असतं. आणि प्यायल्यावर पोट प्रोटीनचे तुकडे करून टाकतं, ते काय गाठीपर्यंत पत्ता विचारत जाणार आहे?

बाळाच्या पोटात, जिथे आंबटपणा पिन सैल करू शकतो आणि एन्झाइम चरबीतून ओलेइक ॲसिड मोकळं करतात, तिथे थोडं हॅम्लेट आपोआप बनत असेल अशी कल्पना मांडली गेली आहे. आकर्षक कल्पना आहे. सहा महिने किंवा जास्त स्तनपान मिळालेल्या मुलांत रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी दिसलं, असं २०१५ चं अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आहे, आणि लोक लगेच ही दोन टोकं जोडतात. पण ती निरीक्षणं आहेत, स्तनपानासोबत घरातल्या शंभर गोष्टी बदलतात, त्यावरून हॅम्लेटला श्रेय देता येत नाही. बाळाला आईचं दूध द्यायला इतर कारणं ढीगभर आहेत.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं, पाऊण तास. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, बरं, गायीच्या दुधाचं ते बॅम्लेट म्हणालास ना, मग चिकात ते प्रोटीन असणारच, खरवस खाल्ला तर? मला हसू आलं पण प्रश्न बरोबर होता. असतं, आत्या. शिजताना ते सैलही होतं. पण भांड्यात भरपूर कॅल्शियम आहे, आणि सैल झालेली सगळी प्रोटीनं एकमेकांत गुंतून जाळं करतात, खरवस वडी पडण्याइतका घट्ट लागतो तो त्यामुळेच. त्यात तेलाचं सारण भरायला पारी मोकळी उरतच नाही. वेलची जायफळ घाल आणि खा.